गावच्या लग्नाचं बजेट: प्लॅनरला खरा आकडा सांगायचा का, आणि त्याच्याआधी काय मोजायचं

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना पण कळावं म्हणून थोडक्यात परत सांगते. तुम्ही डोंबिवलीला, गाव मालवण तालुक्यात, बहिणीचं लग्न ३ मेला. माणसं अंदाजे ३५०, हातात १० लाख, वडील रिटायर झालेत म्हणून ह्याच्यावर एक रुपया कर्ज काढायचं नाही असं घरात ठरलंय. प्लॅनर एकूण खर्चाच्या १२ टक्के मागतोय, मामा म्हणतायत त्याला १० सांगू नको ७ च सांग नाहीतर सगळे संपवून टाकेल, आणि घरी मांडव घालायचा का किनाऱ्यावरचा रिसॉर्ट घ्यायचा ते ठरत नाहीये.

मी कुडाळची, गेली पंधरा-सोळा वर्षं लग्नाच्या प्लॅनिंगचंच काम करते, त्याच्याआधी बाबांचा मांडवाचा धंदा होता, म्हणजे लहानपणापासून लग्नघराच्या मागच्या दारानेच मी लग्न बघितलंय. त्यामुळे जे सांगते ते बघून सांगते.

आधी मामांचं. त्यांची भीती खरी आहे, असे लोक आहेत आमच्या धंद्यात. पण ७ सांगून काय होतं ते सांगते. प्लॅनर ७ च्या हिशोबाने मांडव लहान बुक करतो, आचारी त्या दरातला बघतो, राहायच्या खोल्या कमी धरतो. मग एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्हीच म्हणता की अजून थोडं वाढवूया, आणि तेव्हा मे महिन्याचा मालवणात एक होमस्टे रिकामा नसतो, मांडववाल्याचे बांबू दुसरीकडे लागलेले असतात, मग जे मिळेल ते वाढीव दराने घ्यावं लागतं. लपवलेले ३ लाख शेवटच्या पंधरा दिवसात जातात आणि त्यांचं चीज होत नाही. त्यापेक्षा १० मधला १ लाख वेगळ्या खात्यात टाका, बहिणीच्या किंवा आईच्या नावाने, आणि प्लॅनरला स्पष्ट सांगा की ९ लाख आहेत, तुझी फी धरून ९, याच्यात बसव. हे खोटं पण नाही, कारण तो १ लाख खर्चाचा नाहीच, तो कसरीचा आहे, म्हणजे ऐनवेळच्या अडचणीला राखलेला. मे महिन्यात कोकणात लग्न म्हटल्यावर कसर लागतेच, का ते पुढे सांगते.

पण प्लॅनरकडे जायच्या आधी एक काम तुम्हाला आणि आईलाच करायचंय, ते तो करू शकत नाही. पानं मोजा. तुम्ही लिहिलंय ३५० माणसं गुणिले ३२० रुपये, म्हणजे जेवणाचे १ लाख १२ हजार. इथेच सगळ्यांचं बजेट बुडतं. हे मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी वाईट वाटतं, कारण लोक हुशार असतात, हिशोबी असतात, फक्त माणसं मोजतात आणि पानं मोजत नाहीत. शहरात हॉलवर लग्न असलं की माणूस एकदा जेवतो आणि घरी जातो. गावच्या लग्नात मुंबईहून आलेला माणूस तीन दिवस जेवतो.

एक शंभर पानी वही घ्या. मोबाईलवर नको, वहीच घ्या, कारण आईला, काकीला, आजीला त्यात बघता आलं पाहिजे. डाव्या बाजूला घर लिहा, माणूस नाही, घर. उजव्या बाजूला रकाने पाडा: १ मे रात्र, २ मे नाश्ता, २ मे दुपार, २ मे हळदीची रात्र, ३ मे नाश्ता, ३ मे लग्नाचं जेवण, ३ मे रात्र, ४ मे नाश्ता, ४ मे दुपार. आणि प्रत्येक घरासमोर प्रत्येक रकान्यात आकडा. विरारचे काका ४ माणसं, १ ला रात्री येणार, ४ ला दुपारी जेवून निघणार, म्हणजे त्यांच्या एकट्यांची ६ जेवणं आणि ३ नाश्ते गुणिले ४.

तुमच्या प्रश्नात जेवढी माहिती आहे त्यावरून मी अंदाजाने भरून बघितलं, मुंबईची ११० माणसं धरून. १ तारखेच्या रात्री ४०, २ ला नाश्ता ६०, दुपारी ९०, हळदीला २२०, ३ ला नाश्ता १३०, लग्नाला ३५०, रात्री ११०, ४ ला नाश्ता १००, दुपारी ६०. बेरीज करा. ८७० जेवणं आणि २९० नाश्ते. आता दर लावा, दर मी उदाहरणादाखल धरते, तुमच्या आचाऱ्याचा वेगळा असेल: लग्नाचं पान ३२० ने १ लाख १२ हजार, हळदीचं ३०० ने ६६ हजार, बाकीची ३०० साधी जेवणं १८० ने ५४ हजार, नाश्ते ७० ने २० हजार ३००. झाले २ लाख ५२ हजार ३००. तुमच्या आकड्यापेक्षा १ लाख ४० हजार जास्त, आणि अजून एक फूल पण आणलेलं नाही.

घाबरवायला नाही सांगत. हा आकडा आज कळला तर बरं आहे, २८ एप्रिलला कळला तर आईच्या बांगड्या गहाण पडतात. मी पडलेल्या बघितल्यात.

ह्या वहीत अजून एक रकाना महत्त्वाचा, तो म्हणजे गावातलं आमंत्रण कसलं. घरटी एक माणूस, का चूलबंद, म्हणजे त्या दिवशी चूल न पेटवता अख्खं घर जेवायला? ह्याच्यावर घरात भांडणं होतात म्हणून लोक ठरवायचं टाळतात आणि मग आजोबा देवळात जाऊन सगळ्या वाडीला चूलबंद सांगून येतात. तुमच्या वाडीत समजा ६० घरं आहेत, घरटी एक म्हटलं तर ६०, चूलबंद म्हटलं तर अडीचशे. आणि मे महिन्यात तर प्रत्येक घरात चाकरमानी आलेला असतो त्यामुळे घर दुप्पट भरलेलं असतं, हे विसरू नका, गणपतीला आणि मेला गावची लोकसंख्या वेगळीच असते. माझं मत विचाराल तर स्वतःच्या वाडीला चूलबंद करा, मनापासून करा, कारण तीच माणसं तुमचा मांडव घालायला, पाणी भरायला, वाढायला उभी राहणार आहेत, आणि बाकीच्या गावाला घरटी एक सांगा. पण हे आजी-आजोबांना पुढे बसवून ठरवा, आणि आमंत्रण कोण सांगायला जाणार ते पण ठरवा. बारा-पाचाचे मानकरी, म्हणजे परंपरेने ज्यांचा गावात मान असतो ते, गावचे गावकर, घाडी, भटजी, ह्यांचे मानाचे नारळ, पानविडा, टॉवेल-टोपी ही यादी आईकडून लिहून घ्या, ती छोटी दिसते पण एकाचा जरी मान राहिला तर वर्षानुवर्षं ऐकावं लागतं, आणि ते रागाने बोलतात ते पैशासाठी नाही.

आता प्लॅनर हवा का. तुमच्या बाबतीत मी हो म्हणेन. सगळ्यांना नाही म्हणत, गावात राहणारा मोठा भाऊ असेल, त्याचा आचाऱ्याशी आणि मांडववाल्याशी व्यवहार असेल तर पैसे वाचवा. तुम्ही पाचशे किलोमीटरवर आहात, नोकरी आहे, वडलांची तब्येत. मांडववाल्याशी बोलायला एक फेरी, आचाऱ्याला भेटायला दुसरी, खोल्या बघायला तिसरी, ह्या फेऱ्यांचा खर्च आणि रजा धरलीत तर प्लॅनरची बरीचशी फी तिथेच जाते.

पण टक्केवारीवर देऊ नका. १२ टक्के म्हणजे खर्च वाढला की त्याची फी वाढणार, मग तो तुम्हाला फुलांचा छोटा गेट घ्या असं का सांगेल? तो वाईट माणूस असेल असं नाही, व्यवहारच चुकीच्या बाजूला कललेला आहे. ठरलेली रक्कम मागा. तुमच्या आकाराच्या लग्नाला मी स्वतः ७५ हजार सांगितले असते, तीन हप्त्यात, आणि त्यात काय येतं काय नाही ते लिहून. आणि दुसरा प्रश्न तोंडावर विचारा, लाजू नका: मांडववाला, आचारी, फोटोवाला ह्यांच्याकडून तुम्हाला काही सुटतं का? सुटत असेल तर असू दे, बऱ्याच जणांचं असतं, पण ते तुमच्या बिलातून वजा होणार का फीच्या वरचं आहे हे आधी कळू दे. ह्या प्रश्नाला जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका. जो सरळ सांगतो, हो मांडववाला मला इतके देतो, त्याच्याबरोबर काम करता येतं.

सगळ्यांची बिलं तुमच्या नावाने थेट येऊ देत, प्लॅनरच्या नावाने एकगठ्ठा नको. कोटेशनच्या खाली बारीक अक्षरात जीएसटी वेगळा असं लिहिलेलं असतं ते आधी बघा. घरी येऊन करणाऱ्या केटरिंगला साधारण ५ टक्के, पण मांडव आणि डेकोरेशनला साधारण १८ टक्के लागतो, म्हणजे २ लाखाच्या कामावर ३६ हजार, हा काही बारीक आकडा नाही. आणि ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे त्याला नोंदणी बंधनकारक नसते, गावातले बरेच आचारी-मांडववाले त्यातच येतात, अशा माणसाला जीएसटी लावताच येत नाही. त्यामुळे कोणी तोंडी सांगितलं की प्लस जीएसटी, तर नंबर मागा, बिलावर नंबर नसेल तर तो पैसा सरकारला जात नाही. तसंच रोखीचं: २०१७ पासून एका कार्यक्रमासाठी एका माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेताच येत नाही, हप्ते पाडले तरी कार्यक्रम एकच धरतात, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा आहे. म्हणून जो म्हणतो सगळं कॅशने द्या स्वस्तात करतो, त्याला नको म्हणा. नंतर वाद झाला तर तुमच्या हातात काही पुरावा नसतो, हे त्याहून मोठं कारण.

विसार देताना पण लिहून घ्या. २०२० साली लॉकडाऊनमध्ये किती जणांचे विसार गेले, दोन्ही बाजू रडत होत्या, कोणाचंच चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक कागदावर एक ओळ घालते: तारीख पुढे गेली तर विसार पुढच्या तारखेला वळता होईल. आणि शेवटचे २०-२५ टक्के मांडव उतरल्यावर द्यायचे. बेंजो वाजवणारे ठरवताना आगाऊ सुपारी घेतात ती मात्र परत मिळत नाही, तो त्यांचा रिवाज आहे, धरून चाला.

आता घर का रिसॉर्ट. तुमच्या १० लाखात आणि तुमच्या माणसांत घरच. रिसॉर्टवाला मिनिमम गॅरंटी लावतो, म्हणजे समजा ३०० पानं तर ३००, आले २२० तरी पैसे ३०० चे. बाहेरचा डेकोरेटर आणला तर त्याचे वेगळे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वाडीतली म्हातारी माणसं पंधरा-वीस किलोमीटरवर रिसॉर्टला येत नाहीत, त्यांना संकोच वाटतो, मग तुम्ही घरी परत एक जेवण घालता. दोनदा खर्च.

किनाऱ्यावर मांडव घालायचं बहिणीच्या मनात आहे असं लिहिलंय, ते समजू शकते मी, आमचा किनारा आहेच तसा. पण वाळू ही कोणाच्या मालकीची नसते, ती सरकारी, किनारपट्टीचे सीआरझेडचे नियम असतात, परवानगी लागते, आणि रिसॉर्टवाला म्हणाला ना आमचाच बीच आहे, तर त्याला परवानगीचा कागद दाखवायला सांगा. शिवाय नोव्हेंबर ते मे आपल्याकडे कासवांचा हंगाम, वेळास, आंजर्ले, गुहागर पासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत मादी अंडी घालायला येते, पिल्लं निघाली की उजेडाच्या दिशेने जातात. रात्री मोठे फ्लड लाईट लावले की ती समुद्राऐवजी मांडवाकडे येतात. मी एकदा बघितलंय, मग किनाऱ्यावर रात्रीचं काम घेणं सोडलं. आणि वारा. मे महिन्यात दुपारनंतर खारं वारं असं सुटतं की होमाचा अग्नी राहत नाही, पडदे फाटतात, नवरीच्या केसांचं काय होतं ते सांगायला नको. बहिणीला सांगा, मुहूर्त आटपला की संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला दोघांनी अर्धा तास किनाऱ्यावर जायचं, फोटोवाला बरोबर, बाकी कोणी नाही. फुकट आहे आणि फोटो त्याचेच चांगले येतात. ड्रोन उडवायचा असेल तर फोटोवाल्याला विचारा त्याने डिजिटल स्काय ह्या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर तुमचं गाव बघितलंय का, चिपीचा विमानतळ जवळ आहे, सगळीकडे उडवता येत नाही.

घरी करायचं तर तीन गोष्टी लोक बजेटमध्ये लिहितच नाहीत. पाणी, वीज, संडास. मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असतो, ८७० जेवणांचा स्वयंपाक आणि भांडी आणि मुक्कामाच्या माणसांच्या आंघोळी, टँकर लागणारच, किती आणि कधी ते आधी सांगून ठेवा कारण त्याच आठवड्यात सगळ्यांकडे लग्नं. विजेचं म्हणाल तर घरच्या मीटरवर मांडवाची रोषणाई ओढू नका, महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन मिळतं, अर्ज करा, शिवाय जनरेटर ठेवा आणि डिझेल भाड्यात धरलंय का वेगळं ते विचारा, हा डिझेलचा वाद मी शंभर वेळा ऐकलाय. आणि संडास. घरात दोन, आणि मुक्कामाला पन्नास माणसं. ह्याचं कोणी नाव काढत नाही, पण तुमच्या आत्या-मावश्यांना विचारा, त्यांना लग्नातलं पहिलं तेच आठवतं. दोन तात्पुरते भाड्याने घ्या किंवा शेजारची दोन घरं बोलून ठेवा आणि टाकी आधी उपसून घ्या. त्याचवेळी घरात सुरू होईल की लग्न आहे तर रंग काढूया, कौलं परतूया, खळ्याला, म्हणजे अंगणाला, लाद्या घालूया. काढा, पण तो पैसा ह्या ९ लाखातला नाही, वेगळा लिहा. दागिने पण वेगळे. सोन्याचा भाव आपल्या हातात नसतो, तो आकडा हलला की अख्खं बजेट हलतं.

मांडवाचं माप ३५० माणसांवरून काढायचं नाही, पंगतीवरून काढायचं. तीन पंगती उठवल्या तर एका वेळी ११५-१२० माणसं बसली पाहिजेत, तेवढंच. मी घरच्या लग्नाला पंगतच सुचवते. बफेला माणूस ताट भरून घेतो आणि अर्धं टाकतो, पंगतीला वाढपी विचारून वाढतो, अन्न वाया जात नाही. वाडीतली पोरं वाढायला उभी राहतात, त्यांचं जेवण सगळ्यात शेवटी होतं तेव्हा त्यांच्यासाठी गरम भात आणि सोलकढी बाजूला राखून ठेवायला आचाऱ्याला सांगा. केळीची पानं किंवा पत्रावळी वापरा, थर्माकोलच्या प्लेटा २०१८ पासून महाराष्ट्रात बंद आहेत, डेकोरेशनमधला थर्माकोल पण, तरी काही जण अजून गेटवर नावं थर्माकोलची लावतात, तुम्ही नको म्हणून सांगा.

मेनू मुंबईचा नको हो. पनीर, मंचुरियन हे सगळं इथे बाहेरून येतं, महाग पडतं आणि मुंबईच्या पाहुण्याला त्याचं काही नसतं. मे महिना आहे, फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबार, ओल्या काजूची उसळ मिळाली तर ती, आमरस, सोलकढी. आमरस ठेवायचा तर आंबा बागायतदाराकडून थेट पेटीवर बोला, मेच्या पहिल्या आठवड्यात भाव उतरायला लागलेला असतो. नाश्त्याला घावणे, आंबोळी, चटणी, शिरवाळे हे गावातल्या बचतगटाच्या बायकांना द्या, त्यांच्या हातचं चांगलं होतं आणि पैसा गावात राहतो, फक्त २९० नाश्ते एकाच गटावर टाकू नका, रकान्याप्रमाणे वाटून द्या. हळदीला मासे असतील तर सुरमईचा दर आज कोणीही लिहून देणार नाही, मालवणात मे म्हणजे पर्यटकांची गर्दी, दर रोजचा रोज ठरतो. म्हणून आचाऱ्याबरोबर दर ठरवू नका, एका पानात किती तुकड्या ते ठरवा, मासे स्वतः आणून द्या आणि त्याची करणावळ वेगळी.

राहायचं. ११० पैकी ५० घरी आणि शेजारी, गाद्या-उशा भाड्याने. उरलेले ६०, एका खोलीत तिघे म्हटले तर २० खोल्या, दोन रात्री, खोलीचे अडीच हजार धरले तर १ लाख. दर महत्त्वाचा नाही, खोल्या आजच धरणं महत्त्वाचं, तारकर्ली-देवबागला मे महिन्याचे होमस्टे फार लवकर भरतात. एकाच मालकाकडे सगळ्या मिळाल्या तर तो घासाघीस करू देतो.

आणि प्रवास. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. १ मेला गाडीत बसायचं तर २ मार्चला सकाळी ८ वाजता. एका तिकिटावर ६ माणसं, म्हणजे ४० जणांना ७ तिकिटं, ७ वेगवेगळी माणसं ७ मोबाईल घेऊन बसली पाहिजेत, कोण कोणाची काढणार ते आदल्या दिवशी ठरवून. परतीचं ४ मेचं ५ मार्चला. नाही मिळालं तर एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे पूर्ण गाडी भाड्याने, मिळते, आगाराला आधी अर्ज करा, कुडाळ स्टेशनवरून गावात आणायला पण तीच बरी. एक प्रश्न घरात आधीच सोडवा, पाहुण्यांचं तिकीट कोण काढणार. आपण काढणार असू तर लिहा, नसू तर आमंत्रणाच्या वेळीच गोड शब्दात सांगा. अर्धवट ठेवलं की दोन्हीकडून मन दुखावतं.

म्हणजे ९ मधून जेवण २ लाख ५२ हजार, फी ७५ हजार, खोल्या १ लाख गेले तर राहिले पावणेपाच लाखांच्या आसपास. ह्यात मांडव, रोषणाई, पाणी-वीज, प्रवास, फोटो, भटजी, बेंजो, कपडे, मानपान. बसतं. पण ड्रोन, एलईडी वॉल, थंड धुराची एन्ट्री हे सगळं नाही बसत. आणि हे सांगायचं काम प्लॅनरचं आहे. चांगला प्लॅनर तो, जो बहिणीला प्रेमाने सांगतो की ह्याच्यातलं एक निवड. तुमच्या तोंडून नकार आला की घरात कडवटपणा येतो, बाहेरच्या माणसाकडून आला की मुलगी ऐकते, हा माझा कायमचा अनुभव आहे. तिला खरंच विचारा, तुला कुठली एक गोष्ट आयुष्यभर लक्षात राहायला हवी. परवाच्या एका मुलीने मला सांगितलं की मला फक्त सनई हवी, खरीखुरी वाजवणारी, स्पीकरवरची नको. तिच्यासाठी आम्ही गेटची फुलं निम्मी केली आणि सनई-चौघडा आणला. आजी रडली तिची.

आहेर बजेटमध्ये धरू नका. कितीही जण सांगतील की तेवढं आहेरात निघतं. निघालं तर बहिणीच्या खात्यात टाका.

आता ती कसर. २०२१ ला १५-१६ मेला तौक्ते आपल्या किनाऱ्यावरून गेलं, आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वरती रायगडात धडकलं होतं. ही वादळं झाली, रोज येत नाहीत. पण २०२५ ला मेच्या विसाव्या तारखेपासूनच पाऊस लागला आणि २५ मेला मान्सून चक्क कोकणात दाखल, जो एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. तेव्हा वेंगुर्ल्याच्या बाजूला माझं एक काम होतं, कापडी मांडव, सकाळी ६ ला मांडवात घोट्यापर्यंत पाणी. त्या घरच्यांनी कसर वेगळी ठेवली होती म्हणून आम्ही दोन तासात देवळाच्या सभामंडपात हलवलं, वर पत्र्याचा शेड असलेली जागा आचाऱ्यासाठी भाड्याने घेतली, जास्तीची माणसं लावली, दोन टेम्पो, आणि १२:२० च्या मुहूर्ताला मंगलाष्टकं झाली. तो खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हता. ३ मेला तुम्हाला तेवढी भीती नाही, पण वळीव कधीही येतो, त्यामुळे आचाऱ्याच्या चुलीवर तरी पत्रा घालाच आणि गावच्या देवळाचा सभामंडप किंवा शाळा त्या दिवसापुरती बोलून ठेवा, शाळेला मेची सुट्टी असते. ती कसर ४ मेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, आईने पण नाही.

स्पीकर रात्री १० ला बंद, हळदीला पण. बेंजोवाल्याला वेळ आधीच सांगा म्हणजे तो ७ ला सुरू करेल.

दादा, आज एवढंच करा. वही आणा, आजोबांना घेऊन बसा आणि चूलबंदची घरं लिहून काढा. ती यादी आणि खळ्याची लांबी-रुंदी फुटात मला पाठवा, मांडव किती लागेल ते मी काढून देते, त्याचे पैसे नकोत. आणि त्या प्लॅनरला फीचं विचाराल तेव्हा काय म्हणाला ते पण कळवा.